एमआरआय नॉर्मल, मग आजार मेंदूचा कसा?

तासगाव तालुक्यातल्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: धाकट्या भावाला चार वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. दोन वेळा औषधं बदलली, तरी कानात आवाज येणं थांबलेलं नाही. डॉक्टर म्हणतात हा मेंदूचा आजार. एमआरआय केला तर रिपोर्ट नॉर्मल. मेंदूचा आजार मेंदूत दिसत का नाही? इतकी वर्षं संशोधन चाललंय, कारण सापडलं की नाही? डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची रक्ततपासणी करून घ्या असं कुणीतरी सुचवलंय, ती करावी का? आई स्वतःला दोष देत बसते, तिला काय सांगू? आणि माझ्या मुलांना हे होईल का?

आधी रक्ततपासणीचं सांगून टाकतो, म्हणजे निदान तेवढे पैसे वाचतील. ती करू नका. रक्तातलं डोपामिन बहुतेक आतड्यांतून, शरीरभरच्या मज्जातंतूंतून आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून आलेलं असतं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत त्याला सहज आत-बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे दंडातून काढलेल्या रक्तावरून मेंदूतल्या डोपामिनचा काही पत्ता लागत नाही. स्किझोफ्रेनियाचं निदान पक्कं करणारी रक्ताची, स्कॅनची किंवा जनुकांची तपासणी आज जगात कुठेच नाही. निदान होतं ते रुग्णाशी आणि घरच्यांशी बसून बोलल्यावर.

आता एमआरआय. माझ्या मानसोपचाराच्या ओपीडीत हे रोजचंच आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीतून जपून आणलेलं मोठं पाकीट निघतं, थोरला भाऊ फिल्म ट्यूबलाइटकडे धरतो आणि मधोमध बोट ठेवून विचारतो, "सर, हे पांढरं पांढरं काय आहे?" ते पांढरं म्हणजे मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमधलं पाणी. तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या डोक्यात असतं. मी तसं सांगतो आणि घरचे थोडे हिरमुसतात, कारण काहीतरी सापडावं अशी आशा धरूनच ते आलेले असतात.

गंमत अशी, की संशोधकांना पहिला ठोस पुरावा सापडला तो नेमका त्या पोकळ्यांतच. १९७६ साली लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलमध्ये ईव्ह जॉनस्टोन, टिम क्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हा नव्यानेच आलेल्या सीटी स्कॅनवर वर्षानुवर्षं इस्पितळात असलेल्या १७ रुग्णांचे मेंदू पाहिले आणि ते ८ निरोगी माणसांशी ताडले. रुग्णांच्या पोकळ्या सरासरीने मोठ्या निघाल्या. पोकळी मोठी याचा अर्थ आजूबाजूचा मेंदूचा भाग थोडा कमी. तोवर शंभर वर्षं लोक सूक्ष्मदर्शकाखाली शोधत होते आणि हाताला काही लागत नव्हतं, त्यामुळे या छोट्याशा अभ्यासाने केवढी खळबळ उडाली असेल बघा.

मग तुमच्या भावाच्या रिपोर्टमध्ये ते का नाही? याचं उत्तर १९९० च्या एका अमेरिकी अभ्यासात मिळतं. त्यात एकसारख्या जुळ्यांच्या १५ जोड्या घेतल्या होत्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला स्किझोफ्रेनिया, दुसरा ठणठणीत. दोघांचे एमआरआय शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा १५ पैकी १२ जोड्यांमध्ये आजारी कोण हे नुसत्या नजरेने ओळखता आलं. मात्र त्यातल्या बऱ्याच आजारी जुळ्यांचा स्कॅन एकटा पाहिला असता, तर कुठल्याही रेडिओलॉजिस्टने त्याखाली 'नॉर्मल' असंच लिहिलं असतं. जन्मतःच कुणाची पोकळी लहान असते, कुणाची मोठी, आणि आजारामुळे पडणारा फरक त्या चढउतारात बुडून जातो. तो कळायला जुळा भाऊच शेजारी लागतो, आणि तो कुणाकडे असतो? शिवाय पुढच्या काही अभ्यासांत दिसलं, की या घटीतला थोडा वाटा दीर्घकाळ घेतलेल्या औषधांचाही असू शकतो. तेव्हा 'नॉर्मल' याचा अर्थ एवढाच घ्यायचा, की गाठ नाही, रक्तस्राव नाही, जंताच्या अळ्यांच्या गाठी नाहीत. एमआरआय आम्ही करायला सांगतो तो त्यासाठीच.

तुमचा मोठा प्रश्न होता कारण सापडलं की नाही. सापडलं. अनेकदा सापडलं. पण ज्या आजाराचं सापडलं, तो आजार आमच्याकडे राहिलाच नाही.

मानसिक आजार हे मेंदूचे आजार आहेत, असं जर्मनीत विल्हेल्म ग्रीझिंगर १८४५ च्या आपल्या ग्रंथातच सांगत होते. त्यांच्या काळात युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत एक रुग्ण हमखास असायचा. चाळिशीतला पुरुष, कालपर्यंत नीट कामधंदा करणारा, एकाएकी आपण सम्राट आहोत, आपल्याकडे कोट्यवधी आहेत असं बोलू लागायचा. पुढे जीभ जड व्हायची, पाय लटपटायचे आणि काही वर्षांत अंथरुणाला खिळून तो जायचा. हा वेडेपणा आणि मेंदूच्या आवरणाला आलेली सूज यांचा संबंध पॅरिसच्या बेल यांनी १८२२ मध्येच दाखवला होता. कुणी म्हणे दारू, कुणी म्हणे अतिविचार, कुणी म्हणे वाईट चाल. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये हिदेयो नोगुची आणि जे. डब्ल्यू. मूर यांनी अशा रुग्णांचे जपून ठेवलेले ७० मेंदू तपासले, आणि त्यातल्या काहींत गरमीचे, म्हणजे सिफिलिसचे, जंतू सापडले. तरुणपणी झालेली गरमी दहा-वीस वर्षांनी मेंदूत उमटत होती.

मानसिक आजाराचं कारण मेंदूत बोट ठेवून दाखवता आलं, त्याचं हे मोठं उदाहरण. उपायही निघाला, पण तऱ्हेवाईक. १९१७ मध्ये व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेग यांनी मलेरिया झालेल्या सैनिकाचं रक्त या रुग्णांना टोचलं. सडकून ताप चढला की जंतू मरतील आणि मग क्विनीन देऊन मलेरिया बरा करायचा, असा हिशोब. काही रुग्ण खरोखर सुधारले, काही त्या तापातच गेले. १९२७ चं नोबेल त्यांना मिळालं. पुढे पेनिसिलिन आलं आणि हा आजार मनोरुग्णालयांतून जवळजवळ पुसला गेला. आज असा रुग्ण आलाच तर आम्ही रक्ताची व्हीडीआरएल, म्हणजे गरमीची तपासणी, बघतो आणि फिजिशियनला हाक मारतो.

दुसरं उदाहरण आपल्या भाकरीशी जोडलेलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा माजला होता. उन्हाला उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलायची, जुलाब लागायचे आणि मग डोकं फिरायचं. तिथली मनोरुग्णालयं अशा रुग्णांनी भरली होती. जोसेफ गोल्डबर्गर नावाच्या सरकारी डॉक्टरने हा संसर्ग नाही, जेवणातली कमतरता आहे असं दाखवलं. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा त्याने रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, त्यांच्या मलमूत्राच्या आणि खपल्यांच्या गोळ्या गिळून दाखवल्या. १९३७ मध्ये कळलं की कमी पडत होतं ते नायसिन, ब जीवनसत्त्वांपैकी एक. आणि १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी दाखवलं, की दख्खनमध्ये निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्यांनाही पेलाग्रा होतो. ज्वारीत ल्यूसिन नावाचं अमिनो आम्ल जास्त असतं आणि ते नायसिनच्या कामात खोडा घालतं, असं त्यांचं म्हणणं होतं. पण म्हणून काही जत, आटपाडी, माण, खटावच्या माणसांनी ज्वारी सोडायची गरज नाही. भाकरीबरोबर डाळ, दूध किंवा शेंगदाण्याची चटणी असली की भागतं; शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं. आता पेलाग्रा मला दिसतो तो बहुतेक जेवण सोडून दारूवर राहणाऱ्यांत, आणि गोळ्या सुरू केल्यावर काही दिवसांत माणूस भानावर येतो.

तिसरं अगदी अलीकडचं. २००७ मध्ये जोसेप दालमाऊ यांच्या गटाने एका मेंदूज्वराचं वर्णन केलं. त्यात शरीराच्याच प्रतिपिंडांनी मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या रासायनिक संदेश घेणाऱ्या जागांवर, हल्ला केलेला असतो. बऱ्याचदा तरुण मुली, काहींच्या अंडाशयात गाठ. सुरुवात हुबेहूब वेडासारखी: चार-आठ दिवसांत झोप उडते, भास होतात, संशय येतो, असंबद्ध बडबड सुरू होते. मग तोंडाच्या विचित्र हालचाली, झटके, बोलणंच बंद. विट्याकडची अशीच एक कॉलेजातली मुलगी घरच्यांनी आधी औदुंबरला नेली होती. अंगात आलंय असं सगळ्यांचं ठरलेलं. मला खटकला तो तिचा ताप आणि सारखं चावल्यासारखं हलणारं तोंड. पाठीतलं पाणी तपासायला पाठवलं आणि पुढचं सगळं न्यूरॉलॉजिस्टने केलं. दहा-पंधरा वर्षं आधी आली असती तर तिच्या फाइलवर आम्हीच 'तीव्र सायकोसिस', म्हणजे अचानक आलेलं वेड, असं लिहून मोकळे झालो असतो.

अल्झायमरही असाच. आलोइस अल्झायमर हे मानसोपचारतज्ज्ञ होते, हे फार जणांना ठाऊक नसतं. फ्रँकफर्टच्या इस्पितळात १९०१ मध्ये दाखल झालेल्या ऑगस्ट नावाच्या बाईंच्या मेंदूत त्यांना गुठळ्या आणि पिळलेले तंतू दिसले, ते त्यांनी १९०६ मध्ये मांडलं. त्याच सूक्ष्मदर्शकाखाली स्किझोफ्रेनियाचे मेंदूही त्या पिढीने पालथे घातले. तिथे असं ठळक काही निघालं नाही. पुढे एका अमेरिकी न्यूरॉलॉजिस्टने वैतागून लिहिलं, की स्किझोफ्रेनिया म्हणजे मेंदू तपासणाऱ्यांची दफनभूमी आहे.

आमच्याकडे उरले ते असे आजार, ज्यांना एकच एक कारण नाही. आणि यांच्याबाबत इतिहासातला वाईट भाग असा, की कुणीतरी अधूनमधून उठून 'सापडलं!' म्हणतो आणि किंमत रुग्ण मोजतो. गरमीचा जंतू सापडल्यावर न्यूजर्सीतल्या ट्रेंटनच्या हेन्री कॉटन यांना खात्री पटली, की सगळ्याच वेडाच्या मुळाशी शरीरात दडलेला संसर्ग आहे. त्यांनी रुग्णांचे दात उपटले, टॉन्सिल काढले, मग मोठं आतडं. आतड्याच्या शस्त्रक्रियेत साधारण शंभरातले तीस दगावत होते, हे त्यांचे स्वतःचे आकडे. चौकशी झाली, अहवाल दाबला गेला, काम चालूच राहिलं. स्वतःच्या मुलांचेही दात त्यांनी काढून घेतले होते, म्हणजे माणूस लबाड नव्हता, आणि मला तेच जास्त भीतीदायक वाटतं. १९३५ मध्ये लिस्बनच्या एगास मोनिज यांनी मेंदूच्या पुढच्या भागातले दुवे तोडायला सुरुवात केली, १९४९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन तर डोळ्याच्या खोबणीतून टोचा घालून हे काम मिनिटांत उरकायचे. हजारो माणसं शांत झाली आणि त्यातली कितीतरी कायमची विझली.

मग लंबक उलटा गेला आणि यात तुमच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर आहे. मेंदूत काही सापडत नाही म्हटल्यावर दोष आईवर गेला. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांच्या लेखातून अशी कल्पना रुजली, की थंड, हुकूमत गाजवणाऱ्या आईमुळे मुलाला स्किझोफ्रेनिया होतो. दोन-तीन दशकं लाखो आयांनी हे ऐकून घेतलं. पुरावा काहीच नव्हता. १९६८ मध्ये डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांवरचं काम प्रसिद्ध झालं, आणि आजार दत्तक घेणाऱ्या आई-वडिलांच्या घरात नाही तर जन्मदात्यांच्या रक्ताच्या नात्यात जास्त आढळतो असं दिसलं, तेव्हा कुठे ती कल्पना मागे पडली. आईंना सांगा: तुमच्या रागावण्याने, लाडाने किंवा लेकाला होस्टेलवर ठेवण्याने हा आजार झालेला नाही. एवढं मात्र खरं, की आजार झाल्यावर घरात सतत टोमणे आणि आरडाओरडा असेल तर तो लवकर उलटतो. लंडनला हे दिसलं, चंदीगडलाही दिसलं. म्हणून 'कामाला लाग, किती दिवस लोळणार' हे रोज सकाळचं भजन थांबवायचं. ते बहुधा आई नाही, वडील आणि चुलते गातात.

डोपामिनची कथा कुठून आली तेही ऐका, कारण तिची एक मुळी आपल्या देशात आहे. सर्पगंधेची मुळी वेडावर देतात हे इथे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये त्यावर लिहिलं. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचा तिचा गुण ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जग जागं झालं. १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नॅथन क्लाइन यांनी तिच्यातलं रेसर्पिन मनोरुग्णांना दिल्याचे निष्कर्ष छापले. तिकडे फ्रान्समध्ये १९५२ पासून क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरचं औषध सुरू झालं होतं. ही औषधं नेमकं करतात काय, हा प्रश्न मग आला. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे कान पाडून, हालचाल न करता गोळा होऊन बसले. मग त्यांना एल-डोपा, म्हणजे ज्यापासून शरीरात डोपामिन बनतं ते द्रव्य, टोचलं आणि थोड्याच वेळात ससे कान टवकारून उठले. हे १९५७ चं. मेंदूत डोपामिन स्वतंत्र काम करतं हे त्यातून उलगडलं, पार्किन्सनचा उपचार त्यातून आला आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. १९७० च्या दशकात दिसलं, की मनोविकारावरचं जुनं औषध डोपामिनचा रिसेप्टर जितक्या जोराने अडवतं तितका त्याचा डोस कमी लागतो. पुढे मेंदूतल्या रसायनांचं काम दाखवणाऱ्या पेट स्कॅनवर रुग्णांच्या मेंदूच्या एका खोल भागात डोपामिन खरंच जास्त सुटताना दिसलं.

तेव्हा डोपामिनचा संबंध आहे, हे पक्कं. पण ते कारण आहे की मधली एक पायरी? मला ती पायरी वाटते. डोपामिन अडवलं की आवाज आणि संशय कमी होतात, मात्र गप्प बसणं, कशातच रस नसणं, आंघोळीचाही कंटाळा, हे फारसं हलत नाही. नैराश्यात सिरोटोनिन हे मेंदूतलं दुसरं एक रसायन कमी असतं ही गोष्ट तर आणखी कच्ची. १९६० च्या दशकातला तो अंदाज औषध कंपन्यांच्या जाहिरातींनी सिद्धान्त करून टाकला. २०२२ मध्ये लंडनच्या एका गटाने आजवरचे पुरावे एकत्र तपासले, तेव्हा नैराश्याच्या रुग्णांत सिरोटोनिन कमी असल्याचा सुसंगत पुरावा निघाला नाही. यावरून नैराश्याच्या गोळ्या बंद करणारे रुग्ण मी पाहिले. तसं करू नये. गोळीचा उपयोग होतो की नाही हे गोळीच्या चाचण्यांवरून ठरतं, त्यामागच्या गोष्टीवरून नाही.

जनुकांचं थोडक्यात. २०२२ मध्ये ७६ हजारांहून जास्त रुग्णांच्या तपासणीतून स्किझोफ्रेनियाशी निगडित २८७ जागा सापडल्या. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकीचा वाटा नगण्य. एकसारख्या जुळ्यांत एकाला असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास किंवा कमी. सगळं जनुकांत असतं तर ती शंभर टक्के असती. सख्ख्या भावंडात दहा टक्क्यांच्या आत-बाहेर. तुमच्या मुलांचा तो काका, म्हणजे शंभरात तीन-चार. ज्यांच्या घरात कुणालाच नाही त्यांच्यात शंभरात एक. मुलं मोठी झाली की गांजापासून लांब ठेवा, जोखीम असलेल्यांत तो धोका वाढवतो हे बऱ्यापैकी सिद्ध आहे. बाकी त्यांच्याकडे रोज संशयाने बघू नका.

आता भावाचं. पुढच्या भेटीला विचारून घ्या, की थायरॉइड, बी-१२ आणि व्हीडीआरएल कधी झालं आहे का. घरात माळकरी मंडळी असतील तर बी-१२ नक्की बघा, आपल्या भागात ते वारंवार कमी निघतं. आधीच्या दोन औषधांची नावं, डोस आणि प्रत्येक किती आठवडे सलग घेतलं हे एका कागदावर लिहून न्या. उपासाला, यात्रेला, 'बरं वाटतंय म्हणून' बंद केलेले दिवसही लिहा, लपवू नका. दोन्ही औषधं पुरेशा डोसात दीड-दीड महिना नियमित घेऊनही आवाज थांबले नसतील, तर क्लोझापिनबद्दल स्पष्ट विचारा. हे औषध डोपामिनला तसं ढिलंच अडवतं, तरीही १९८८ च्या अमेरिकी चाचणीत, इतर औषधांनी न सुधारलेल्या रुग्णांपैकी ३० टक्के त्याने सुधारले, जुन्या औषधाने जेमतेम ४. का, ते अजून कुणी नीट सांगू शकलेलं नाही. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये पांढऱ्या पेशी घटून काही रुग्ण दगावले आणि ते बरीच वर्षं बाजूला पडलं, म्हणून आता पहिले १८ आठवडे दर आठवड्याला आणि नंतर दर महिन्याला रक्त तपासावं लागतं. ते तासगावातही होईल, त्यासाठी दर वेळी सांगलीला हेलपाटा नको. फक्त त्या काळात ताप आला किंवा घसा दुखला, तर मेडिकलमधून गोळी आणून वाट बघू नका. त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा आणि आकडा डॉक्टरांना फोनवर कळवा.